सोमवारच्या तारेत न मावलेलं

सिनेमाच्या धंद्यात मी सात-आठ वर्षं काढली, पण त्या काळातल्या नट-नट्यांबद्दल विचाराल तर मला काहीएक सांगता येणार नाही. मी पिक्चर बघायचोच कुठे? माझी कायम पडद्याकडे पाठ आणि नजर दारावर! किस्से मात्र विचारा. ते मी हौसेने गोळा केलेले नाहीत. दर आठवड्याला एखादा डोक्यावर येऊन आदळायचा, त्याचा जाब मुंबईला द्यावा लागायचा, आणि जाब लिहिता लिहिता तो पाठ होऊन जायचा. वैतागून पाठ झालेली गोष्ट माणूस विसरत नाही हो.

आधी नोकरी काय होती ते सांगतो. लढाई चालू होती ती वर्षं. मुंबईच्या एका फिल्म कंपनीची नगरला शाखा होती, कापड बाजारात एका दुकानाच्या माडीवर. शाखा म्हणजे माणसं दोन. मॅनेजर दामूअण्णा, आणि मी. पिक्चरच्या पेट्या आमच्याकडे यायच्या, त्या आम्ही नगरच्या थिएटरला, संगमनेरला, बेलापूरला, पाथर्डीच्या तंबूला द्यायचो. उत्पन्नात निम्मा हिस्सा कंपनीचा. त्यामुळे जिथे पेटी तिथे मी. तिकिटाच्या खिडकीशी बसायचं, डोकी मोजायची, आणि सोमवारी सकाळी पोस्टात जाऊन मुंबईला तार ठोकायची. शनिवार किती, रविवार किती.

शिवाय एक छापील फॉर्म असायचा. 'पब्लिकला काय आवडले? का आवडले? पुढे काय आवडेल?'

पुढे काय आवडेल! मला माझ्या बायकोचं सांगता येत नव्हतं!

* * *

मुंबईला आमचे शेठ होते. माणूस वाईट नव्हता, पण कल्याणच्या पुढचा मुलूख त्यांनी फक्त आकड्यांत पाहिलेला. त्यांच्या लेखी आठवडा म्हणजे शनिवार-रविवार. पाथर्डीला आठवडा म्हणजे बाजाराचा दिवस, आणि तो यायचा मधल्याच वारी. त्या दिवशी तंबूत पाय ठेवायला जागा नसायची, आणि रविवारी तंबूचा मालक, मी आणि एक कुत्रं!

शेठचं पत्र आलं. "पाथर्डीचा रविवार इतका खाली का?"

मी कळवलं, रविवारी लोक शेतात असतात.

पुन्हा पत्र. "रविवारी?"

मी बाजाराचा सगळा प्रकार सविस्तर लिहिला. तिसऱ्या पत्रात पुन्हा तेच. चौथं पत्र मात्र समजूतदार होतं. शेठनी लिहिलं होतं, "तुमचे म्हणणे ध्यानात आले. तरी बाजार रविवारी हलवता येईल काय, ते तंबूवाल्यांस विचारून पाहावे."

* * *

तारेचा प्रकार ऐका. तारेला शब्दागणिक पैसे, म्हणून शेठची सक्त ताकीद होती की तीन शब्दांच्या वर जायचं नाही. एकदा संगमनेरला एक पिक्चर असं चाललं, की रविवारी तिन्ही खेळांना माणसं परत पाठवावी लागली. मी खुशीत सोमवारी तार केली, 'संडे हाऊस फुल'.

आता मधे कुठल्या तारमास्तरचं बोट घसरलं देव जाणे. मुंबईला पोचली ती 'संडे हाऊस फेल'. म्हणजे इंग्रजीतलं 'पडलं'. रविवारी थिएटर कोसळलं!

दुपारपर्यंत उलट तार आली. अर्जंट, डबल पैसे भरून. मी पोस्टाच्या पायरीवरच ती फोडली. आत दोनच शब्द होते.

"प्रिंट सुखरूप?"

तीन खेळांची माणसं ढिगाऱ्याखाली गाडली गेली असं ज्या माणसाला वाटत होतं, त्याने हे विचारलं! मी तार दामूअण्णांना दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "वसंता, शेठना अजून एक शब्द शिल्लक होता. 'प्रिंट, वसंता सुखरूप?' असं तरी विचारायचं!"

* * *

लढाईत बाजारातून सुट्टे पैसे गायब झाले. दोन आण्यांचं तिकीट, आणि माणूस रुपयाची नोट पुढे करणार. परत द्यायला चिल्लर आणायची कुठून? पाथर्डीच्या तंबूचे मालक गणपतराव मोठे हिकमती. मी एका शनिवारी कोळशाच्या गॅसवर धापा टाकणाऱ्या मोटारीतून तिथे पोचलो, तर तिकिटाच्या खिडकीशी पोतं, तराजू आणि एक दुरडी!

"गणपतराव, हे काय?"

"सुट्टं न्हाई सायेब. म्हनलं, मान्सं परत लावून देन्यापरास बाजरी घेतलेली बरी."

त्या सोमवारी मी अहवाल लिहिला तो असा. जमीन क्लास, रोख अमुक. बाजरी दोन पायल्या. अंडी अकरा. कोंबडी एक, जिवंत.

शेठचं उत्तर आलं. "वस्तू स्वीकारू नयेत. स्वीकारल्याच आहेत तर कंपनीचा निम्मा हिस्सा तात्काळ पाठवावा."

दामूअण्णा म्हणाले, "कोंबडीचा निम्मा हिस्सा पुढचा पाठवायचा की मागचा, तेवढं विचारून घे."

मी इतका वैतागलो होतो की खरंच तसं विचारलं! वाटलं, आता नोकरी जाणार. गेली नाही. आठ दिवसांनी टाइप केलेलं पत्र आलं, खाली शेठची सही.

"कोंबडी तंबूवाल्यांकडेच ठेवावी. यापुढे तिच्या अंड्यांत कंपनीचा निम्मा हिस्सा धरावा."

* * *

संगमनेरच्या थिएटराबाहेर एक पाटी होती. 'मांडीवर बसणाऱ्यांस तिकीट नाही.' हेतू सरळ होता. बायका तान्ही पोरं घेऊन यायच्या, त्यांचे पैसे घ्यायचे नाहीत.

एका शनिवारी दुपारच्या खेळाला एक शेतकरी आला. चांगला उंचापुरा गडी. त्याच्या पाठुंगळी त्याचा म्हातारा बाप, पागोटंबिगोटं बांधलेला. गड्याने तिकीट एकच पुढे केलं.

मी म्हणालो, "यांचं तिकीट?"

"ते मांडीवर बसनार हायेत."

"अहो, ते लहान मुलांसाठी आहे!"

"आसं कुठं लिवलंय?"

मी पाटीकडे बघितलं. नव्हतंच लिहिलेलं.

"तीन तास मांडीवर घेऊन बसणार तुम्ही?" मी चिडून विचारलं.

यावर वरून म्हातारा बोलला. "मी ह्याला चार वर्सं वागवला. ह्याला तीन तास जड हुत्यात व्हय?"

इंटरव्हलला मी मुद्दाम आत डोकावलो. म्हातारा मांडीवर! आणि मागच्या रांगेतली माणसं 'पागोटं काढा, पागोटं काढा' म्हणून ओरडतायत!

मी त्याच संध्याकाळी पेंटर बोलावून पाटी बदलून घेतली. 'मांडीवर बसणाऱ्या लहान मुलांस तिकीट नाही.' रविवारी दोघे पुन्हा हजर. मी हसून पाटीकडे बोट केलं. म्हाताऱ्याने ती मुलाकडून वाचून घेतली, मान डोलावली, कनवटीचे पैसे काढून आपलं तिकीट घेतलं आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून मला म्हणाला,

"हे माझं ल्हान मूल हाय. माझ्या मांडीवर बसंल."

* * *

दामूअण्णांना एक खोड होती. नवीन पिक्चर आलं की ते नगरच्या थिएटरात सकाळी एकटे बसून बघायचे, आणि त्यावर भविष्य सांगायचे. किती आठवडे चालेल, कुठे चालेल, कुठे पडेल. डोळे मिटून, बोटं मोजून, अगदी ज्योतिषासारखे. मी ते मुंबईला कळवायचो.

एक पौराणिक आलं. दामूअण्णा उपरण्याने डोळे पुसत बाहेर आले. "वसंता, सोनं आहे रे हे! संगमनेरला महिनाभर हलणार नाही." ते दुसऱ्या दिवशी पडलं. मग एक हाणामारीचं आलं. दामूअण्णा अर्ध्यातून उठून आले. "हे काय पिक्चर आहे? कुत्रं फिरकायचं नाही." त्याने बेलापुरात पाच आठवडे धुमाकूळ घातला. वर्षभर हेच. एक भविष्य खरं येईल तर शपथ! चुकूनसुद्धा नाही!

दामूअण्णांना याचं फार वाईट वाटायचं. "माझी नजर गेली रे," म्हणायचे. नोकरी सोडायचा अर्जही त्यांनी लिहून खिशात ठेवला होता. मी त्यांना समजावून थकलो.

आणि मग एके दिवशी मुंबईहून पगारवाढीचं पत्र आलं. दामूअण्णांना दरमहा पाच रुपये वाढ! आम्ही दोघे चक्रावलो. उलगडा झाला तो पुढच्या पिक्चरच्या पेटीबरोबर आलेल्या चिठ्ठीत.

"दामूअण्णांना हे दाखवावे. त्यांना आवडल्यास पेटी परत पाठवावी."

* * *

नगरात आमच्यासमोर दुसऱ्या कंपनीचं थिएटर होतं, आणि त्यांचा माणूस कुलकर्णी. माझ्यासारखाच गांजलेला. शेठचा हुकूम होता की समोरच्यांचे आकडे काढा. त्याच्या शेठचाही त्याला तोच हुकूम. सुरुवातीला मी त्याच्या थिएटराबाहेर उभा राहून डोकी मोजायचो आणि तो माझ्या. भर उन्हात! शेवटी आम्ही ठरवलं, हा वेडेपणा पुरे. रविवारी संध्याकाळी एकत्र चहा प्यायचा आणि एकमेकांना आकडा सांगून टाकायचा.

तो पहिल्यांदा म्हणाला, "तीनशे."

आमचे खरे दोनशे झाले होते. पण समोर तीनशे ऐकल्यावर माणसाला काही अब्रू असते की नाही? मी म्हणालो, "साडेतीनशे."

दोघांनी आपापल्या मुंबईला कळवलं. शेठचं मला पत्र, "समोरच्यांचे तीनशे, आणि तुमचे दोनशे? खुलासा करावा." पुढच्या रविवारी कुलकर्णीचं तोंड उतरलेलं. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, "तुझ्या साडेतीनशेनं मला मारलं रे! आमचे दीडशेच झाले होते!"

* * *

रिळांचा गोंधळ हा माझा स्वतःचा गुन्हा आहे, कबूल करतो. एका शनिवारी बेलापूरला पौराणिक जायचं होतं आणि संगमनेरला सामाजिक. पेट्या मी भरल्या. गडबडीत दोन्हींचं चौथं रीळ अदलाबदल झालं.

संगमनेरला काय झालं ते सांगायला नको. घरात आजारी बाई, सगळे डॉक्टरची वाट बघतायत, दार उघडतं, आणि आत जटाधारी ऋषी! शिकलेलं पब्लिक. त्यांनी बाकं आपटली, पैसे परत मागितले, एका वकिलांनी तर नोटिशीचा मसुदा तिथेच सांगितला.

मी मोटार, रेल्वे, टांगा करत धडपडत बेलापूर गाठलं. म्हटलं तिथे थिएटर जाळलं असेल! रविवारचा दुपारचा खेळ नुकताच सुटला होता. माणसं शांतपणे बाहेर येत होती. शनिवारपेक्षा गर्दी जास्त! मला काही समजेना. एका फेटेवाल्या गृहस्थांना अडवून मी विचारलं, "काका, पिक्चर कसं काय वाटलं?"

"झ्याक हाय की."

"मधे काही चुकल्यासारखं नाही वाटलं? राणी वनात आजारी पडते, आणि एकदम सूटबूट घातलेला डॉक्टर येतो?"

"त्यात काय चुकलं?"

"अहो, पुराणात डॉक्टर?"

काकांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं.

"म्होरल्या रिळात रानी बरी झाली का न्हाई?"

"झाली."

"मंग? डाक्तर आला नसता तर झाली आसती?"

मी रीळ बदललं. सोमवारी बेलापूरचं उत्पन्न निम्म्यावर आलं. डॉक्टर काढल्याबद्दल लोक रागावले होते!

* * *

आता पाथर्डीचं एक सांगतो.

लढाईच्या मधल्या काळात सरकारने हुकूम काढला, की प्रत्येक पिक्चरच्या आधी लढाईच्या बातम्यांचं एक रीळ दाखवलंच पाहिजे. पब्लिक त्या वेळात बिड्या ओढायचं, गप्पा मारायचं. त्याला कोण बघतंय?

पण पाथर्डीला एक विचित्र गोष्ट माझ्या नजरेला आली. दिवेलागणीच्या खेळाला एक बाई यायची, तिकीट काढायची, आणि बातम्या संपून पिक्चरचं नाव पडद्यावर यायच्या आत उठून चालू लागायची. दुसऱ्या दिवशी दुसरीच बाई, तोच प्रकार. तिसऱ्या दिवशी तिसरी. मी हे इमानेइतबारे मुंबईला कळवलं आणि पस्तावलो. "बायका पिक्चर सोडून का जातात? हे वळण गंभीर आहे. कारण शोधून काढावे."

म्हणून मी पहिल्या बाईला दारात गाठलं. साठीची असेल. पायात वहाणा नाहीत. आठ मैल चालून यायची.

"बाई, पिक्चर अजून सुरूसुद्धा झालं नाही!"

"माझं झालं बगून," ती म्हणाली.

"काय बघितलंत?"

"माझा नामदेव. लढाईवर गेलाय. सात म्हैनं कागद न्हाई त्याचा. तुमच्या ह्याच्यात दिसतो. शिपाई च्या प्यायला रांगंत हुबं हायेत, तितं येक जन च्या पिऊन बाहीनं तोंड पुसतो. तोच. ल्हानपनापास्नं खोड हाय त्याला."

मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुसरी बाई भेटली, तिला विचारलं.

"माझा किसन हाय त्याच्यात," ती म्हणाली. "च्या पिऊन बाहीनं तोंड पुसतो त्यो."

तिसरीला तर मी विचारतच नव्हतो, पण तिने आपण होऊन सांगितलं. तिचा भागुजी. तिने तोंड पुसायची खूण स्वतःच्या पदराने करून दाखवली.

मी तडक ऑपरेटर हुसेनभाईकडे गेलो. त्याने रीळ उलगडून कंदिलासमोर धरलं. आम्ही दोघांनी चित्र अन् चित्र तपासलं.

"साहेब, माणूस एकच आहे," हुसेनभाई म्हणाला. "आणि तोंड म्हणाल तर पुसताना झाकलेलंच आहे. कुणाचा पण असेल."

"त्यांना सांगायचं का?"

"तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

मीही नाही सांगितलं. म्हटलं, तिघी वेगवेगळ्या गावच्या, वेगवेगळ्या दिवशी येतात. दोन दिवसांत रीळ परत जाईल, प्रश्न मिटेल.

आणि बाजाराच्या दिवशी तिघी एकदम आल्या!

भर तंबूत 'माझा-तुझा' सुरू झालं तर? मी स्वतः आत गेलो आणि कनातीपलीकडे बायकांच्या बाजूला तिघींना तीन ठिकाणी बसवलं. एक पुढे, एक मधे, एक पार मागे, खांबाआड. इंजिन सुरू झालं, दिवे गेले, रीळ लागलं. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी पडद्याकडे तोंड करून उभा राहिलो.

विमानं गेली. तोफा झाल्या. मग चहाची रांग आली. तो शिपाई पुढे आला, चहाचा मग तोंडाला लावला, बाहीने तोंड पुसलं.

अंधारात तीन ठिकाणांहून तीन नावं आली. मोठ्याने.

रीळ संपलं. दुसरं लावेपर्यंत तंबूत दिवे लागले. तिघी उभ्या राहिल्या होत्या, आणि एकमेकींकडे बघत होत्या. सगळा तंबू त्यांच्याकडे वळला. बिडीवालेसुद्धा. मी कनातीपाशी धावलो, काय बोलायचं ते जुळवत. 'बाई, काही चूक झाली असेल,' असं काहीतरी.

पुढे बसलेली ती पहिली बाई माझ्या अंगावरून सरळ मागे गेली. मधलीलाही तिने हाताला धरून बरोबर घेतलं. दोघी खांबापाशी त्या तिसरीजवळ जाऊन बसल्या. मग पहिलीने मान वर करून हुसेनभाईला हाक मारली.

"आरं बाबा, परत येकदा लाव. ही खांबाआड बसली हुती, हिला तिचा पोरगा नीट दिसला न्हाई."

हुसेनभाईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो रीळ उलटं गुंडाळायला लागला होता.